बीट नको म्हणणाऱ्यांसाठी बिटाचं सॅलड

बीट न आवडणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: मातीची चव लागते. नीट धुतलं नसेल म्हणून ते आणखी घासलं जातं, पण फरक पडत नाही. हा वास जिओस्मिन या द्रव्याचा, आणि ते बिटातच असतं. पहिल्या पावसात माती दरवळते तेव्हाही हाच वास येत असतो. गरापेक्षा सालीत जिओस्मिन जास्त असतं आणि आंबटाने त्याचा वास मोडतो. पुढची सगळी कृती या दोन गोष्टींवर बेतलेली आहे.

चार जणांसाठी 2 मध्यम बीट (मिळून 300 ग्रॅम), 1 काकडी, 1 संत्रं, 2 मोठे चमचे लिंबाचा रस, 1 मोठा चमचा तेल, अर्धा छोटा चमचा मीठ, पाव छोटा चमचा जिरेपूड, मूठभर कोथिंबीर आणि 2 मोठे चमचे भाजलेले शेंगदाणे घ्या. बीट हाताला टणक लागलं पाहिजे. फार मोठं घेऊ नका, ते आतून चरबट निघतं.

बीट अख्खं शिजवायचं, सालासकट. वर बोटभर देठ राहू द्या, खालची शेपटीही कापू नका. बिटाचा रंग पाण्यात विरघळणारा असल्याने जिथे काप जाईल तिथून रंग आणि गोडवा दोन्ही पाण्यात उतरतात, आणि हाती येतं ते फिकट, पाणचट बीट. पाण्यात बुडवण्यापेक्षा वाफवणं चांगलं, कारण बिटातलं फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व पाण्यात निघून जातं. झाकणाच्या भांड्यात वाफेवर 35 ते 45 मिनिटं लागतात. सुरी सहज आत गेली, पण अगदी मधोमध किंचित अडली, की गॅस बंद करा. त्यापुढे शिजवलं तर फोडी कालवताना मोडतात.

हात लावण्याइतकं निवलं की नळाखाली धरून अंगठ्याने साल चोळा, ती सरकत निघून येते. गार बीट सोलायला सुरी लागते आणि गरही वाया जातो. हाताला आधी तेलाचं बोट लावलं तर डाग धरत नाहीत.

आता खरी महत्त्वाची पायरी. अर्ध्या इंचाच्या फोडी करा आणि त्या कोमट असतानाच लिंबाचा रस आणि मीठ लावून 20 मिनिटं झाकून ठेवा. कोमट फोडी आंबट आतपर्यंत शोषतात. गार झाल्यावर रस वरवरच राहतो आणि चावल्यावर मधून पुन्हा मातीचा वास येतो. या वेळी तेल घालायचं नाही. तेलाचा थर बसला की लिंबू आत शिरत नाही. पुष्कळांचं सॅलड बिघडतं ते सगळं एकदम कालवल्यामुळे.

काकडीच्या बिया काढून फोडी करा, नाहीतर ताटलीत पाणी साठतं. संत्र्याच्या फाकांवरची पांढरी साल काढा. वाढण्याच्या ऐन आधी तेल, जिरेपूड, काकडी, संत्रं, कोथिंबीर घालून दोनदाच हलक्या हाताने हलवा. जास्त ढवळलं तर सगळंच एकरंगी गुलाबी होतं. शेंगदाणे अगदी शेवटी, वरून. आधी घातले तर मऊ पडतात.

लहान मुलांना पहिल्यांदा देताना 1 वाटी बिटाला 2 वाट्या काकडी आणि संत्रं घ्या. कच्चं किसलेलं बीट मात्र त्यांच्यापुढे आधी ठेवू नका, त्यात मातीचा वास सगळ्यात ठळक असतो.

मूतखड्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून खा, बिटात ऑक्झलेट हे खडे व्हायला हातभार लावणारं द्रव्य भरपूर असतं. खाल्ल्यावर काहींची लघवी गुलाबी होते. तो बिटाचाच रंग, घाबरू नका. सोललेलं बीट बंद डब्यात फ्रीजमध्ये 3 दिवस टिकतं, कालवलेलं सॅलड त्याच दिवशी संपवा.