कुत्रं चावण्याआधी आणि चावल्यावर: या चुका टाळा

गेल्या पौषात आमच्या साताऱ्यातल्या शाहूपुरीच्या कॉलनीत दूध आणायला निघालेल्या एका काकांच्या पोटरीला कुत्र्यानं धरलं. मी पोहोचलो तेव्हा काका ओट्यावर पाय पसरून बसले होते आणि काकू जखमेत मिरचीपूड दाबत होत्या. "आग झाली की विष जळतं," असं त्या इतक्या खात्रीनं सांगत होत्या की मध्ये बोलायची सोय नव्हती. चार दात खोल रुतले होते. काकांचं म्हणणं वेगळंच, "दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवू. जगलं तर इंजेक्शन कशाला?" कुठल्या कुत्र्यावर, असं विचारलं तर, "तांबडं होतं." आमच्या गल्लीत तांबडी पाच आहेत.

पुढे काका बरे झाले. पण त्या सकाळनंतर मी या विषयात जरा खोल शिरलो आणि लक्षात आलं, की चुका जेवढ्या चावल्यानंतर होतात तेवढ्याच आधीही झालेल्या असतात. आधी चावल्यानंतरच्या सांगतो, कारण तिथं जीव जातो.

मिरची, हळद, चुना, तंबाखू

पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत जे असतं ते सापासारखं विष नव्हे. तो रेबीजचा विषाणू आहे. जखमेतून तो मज्जातंतूत शिरतो आणि तंतूंच्या वाटेनं हळूहळू मेंदूकडे सरकतो. म्हणून चेहरा, मान, हाताची बोटं इथला चावा जास्त घातक. तिथं मज्जातंतू दाट असतात, आणि चेहरा-मानेपासून मेंदूही जवळ. मिरचीपूड दाबली की जखम चिघळते आणि विषाणू आणखी आत ढकलला जाऊ शकतो.

या विषाणूवर चरबीचं आवरण असतं आणि साबणानं ते फुटतं. म्हणजे पहिलं औषध तुमच्या मोरीत आहे. नळ सोडा, साबण घ्या आणि 15 मिनिटं जखम धूत राहा. कपड्याचा, भांड्याचा, कुठलाही साबण चालेल. 15 मिनिटं फार वाटतात. काकांच्या पायाशी मी घड्याळ लावून बसलो होतो, तर सहाव्या मिनिटालाच सगळे "बास झालं की" म्हणायला लागले. बास होत नाही. धुऊन झाल्यावर बेटाडीनसारखं जंतुनाशक लावा. पट्टी घट्ट आवळू नका. टाके घालायची घाई तर अजिबात नको. फारच उघडी जखम असेल तर डॉक्टर ठरवतील.

"दहा दिवस बघू"

या समजुतीत अर्धं खरं आहे, म्हणून ती मरत नाही. चावलेलं कुत्रं किंवा मांजर दहा दिवस धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, हे बरोबर. पण हे बघायचं असतं इंजेक्शन सुरू केल्यावर. पहिला डोस त्याच दिवशी घ्यायचा. कुत्रं ठीक राहिलं तर पुढच्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर सांगतात. आणि मोकाट कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवणार कोण?

पोटात चौदा इंजेक्शनांची भीती अजून घराघरांत आहे. माझी आई आजही पोटावर हात ठेवूनच ही गोष्ट सांगते. ती जुनी लस आपल्या देशात वीस वर्षांपूर्वीच बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात बहुतेक ठिकाणी दंडाच्या कातडीत लस देतात, ती 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी (0 म्हणजे पहिल्या डोसाचा दिवस). स्नायूत दिली तर 0, 3, 7, 14 आणि 28. लहान मुलांना मांडीत. कुल्ल्यावर ही लस कधीच घ्यायची नाही, तिथं ती नीट लागू पडत नाही.

लोक घसरतात ते तिसऱ्या-चौथ्या डोसाला. जखम भरलेली असते, ऊस तोडीला आलेला असतो, कुणाचं तरी लग्न असतं. पहिल्याच दिवशी सगळ्या तारखा कॅलेंडरवर लिहून टाका.

आता सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट. रक्त आलं असेल, दात आत गेले असतील किंवा उघड्या जखमेवर लाळ लागली असेल, तर नुसती लस पुरत नाही. लसीमुळे शरीरात संरक्षण तयार व्हायला एक-दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळासाठी तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन थेट जखमेत आणि जखमेभोवती द्यावं लागतं. दवाखान्यात त्याला कुणी सीरम म्हणतं, कुणी इम्युनोग्लोब्युलिन. ते पहिल्याच दिवशी घ्यावं. राहिलंच तर पहिल्या डोसापासून सातव्या दिवसापर्यंत चालतं, नंतर नाही. गावच्या आरोग्य केंद्रात लस मिळाली तरी सीरम असेलच असं नाही. तेव्हा तोंडानं विचारायचं, "सीरमची गरज आहे का? इथं नसेल तर कुठं मिळेल?" लाजू नका. पूर्वी लसीचा पूर्ण कोर्स झालेला असेल तर मात्र सीरम लागत नाही, 0 आणि 3 असे दोनच डोस पुरतात. म्हणून जुना कागद जपून ठेवायचा.

"पिल्लूच होतं", "नुसतं ओरखडलंय" या सबबी इथं चालत नाहीत. पिल्लालाही रेबीज होतो आणि ओरखड्यालाही लस लागते. धडधाकट कातडीवर नुसतं चाटलं असेल तर मात्र धुतलं की झालं. आणि चावून महिना उलटला म्हणून "आता काय उपयोग" असंही म्हणू नका. लक्षणं दिसायला साधारण एक ते तीन महिने लागतात, क्वचित वर्षही. उशिरा का होईना, जा. एकदा पाण्याची भीती वाटायला लागली, घोट गिळताना घसा आवळायला लागला, की जगातल्या कुठल्याच दवाखान्याच्या हातात काही उरत नाही.

जाता जाता म्हशीचं. म्हैस पिसाळून मेली की तिचं दूध प्यायलेलं अख्खं गाव लसीच्या रांगेत उभं राहतं. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही. ज्यांनी तिच्या तोंडात हात घातला, औषध पाजलं, लाळ पुसली, त्यांनी मात्र पहिल्यांदा पळायचं. रांगेत नेमकी हीच माणसं मागे असतात.

पळणं आणि पाय वर घेणं

पोवई नाक्यावरून रात्री उशिरा दुचाकीनं जाणाऱ्या पोरांना विचारा. कुत्रं मागं लागलं की दोन्ही पाय टाकीवर आणि ॲक्सिलरेटर पूर्ण. चाव्यापेक्षा जास्त माणसं अशी पडून हाडं मोडून घेत असावीत, असा माझा अंदाज. पळणारी वस्तू दिसली की पाठलाग करायचा हा कुत्र्याचा पिंड. गाडी हळू करा, गरज पडली तर थांबा. बहुतेक कुत्र्यांचा उत्साह तिथंच संपतो. पायी असाल तर पाठ दाखवू नका, डोळ्यांत रोखून बघू नका, पिशवी किंवा छत्री मध्ये धरून बाजूबाजूनं निघा.

मुलांना एवढं शिकवा, की झाडासारखं गप्प उभं राहायचं आणि पडलात तर पोटाशी गुडघे घेऊन मान-कान झाकायचे. आणखी एक गोष्ट शिकवा, जी आपण विसरतो. चावलं तर घरी सांगायचं. कुत्र्याला दगड मारला म्हणून ओरडा बसेल, या भीतीनं पोरं चावा लपवतात.

टेम्पोत घालून घाटात सोडणं

आता आमची स्वतःची चूक. दोन वर्षांपूर्वी कॉलनीनं वर्गणी काढली, एक टेम्पो ठरवला आणि रात्रीतून अकरा कुत्री यवतेश्वरच्या घाटात नेऊन सोडली. आठवडाभर काय शांतता! महिन्याभरात दुसरी आली. जुनी निदान आम्हाला ओळखत होती, ही नवी पेपरवाल्या पोराच्याही अंगावर जायची.

एका गल्लीत जेवढं खायला असतं तेवढी कुत्री तिथं राहतात. जागा रिकामी केली की शेजारची टोळी आत येते, आधी आपसात भांडते आणि मग माणसांवर गुरगुरते. घाटात सोडलेली तरी कुठं जाणार? भुकेनं ती वरच्या वाडीत शिरतात, शेळ्या-मेंढ्या फाडतात. कराड-पाटणकडच्या उसात बिबट्या राहतो हे आता कुणाला नवीन नाही, आणि कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं. जिथं मोकाट कुत्री जास्त, तिथं तो अंगणापर्यंत येतो. आपली डोकेदुखी आपण दुसऱ्याच्या अंगणात नेऊन टाकली होती, आणि तीही बिबट्यासकट.

कायदाही तेच सांगतो. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथंच सोडायचं. हे काम नगरपालिका, महानगरपालिका, ग्रामपंचायत या स्थानिक संस्थांचं. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पिसाळलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांना या परत सोडण्यातून वगळलं, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन अशा आवारांतली कुत्री पुन्हा तिथं सोडू नयेत असं सांगितलं. म्हणजे शाळेच्या मैदानातल्या कुत्र्यांची तक्रार आणि गल्लीतल्या कुत्र्यांची तक्रार हे दोन वेगळे अर्ज आहेत. एकात कालवू नका.

विष घालण्याबद्दल दोनच वाक्यं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली जनावर मारल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि मेलेल्या कुत्र्याची जागा भरायला वर सांगितलेली शेजारची टोळी तयारच असते.

आरडाओरडा पौषात, काम मात्र वैशाखात हवं

ही चूक कुणी बोलत नाही, पण माझ्या मते सगळ्यांत मोठी हीच आहे. काकांना चावलं ती मादी होती. बांधकामाच्या वाळूच्या ढिगामागे तिची सात पिल्लं होती आणि काकांची रोजची वाट तिथूनच जायची. ती पिसाळलेली नव्हती, आई होती.

भाद्रपद कुत्र्यांचा, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. कुत्रीचा गाभणकाळ साधारण 63 दिवसांचा. भाद्रपद-आश्विनात गाभण राहिलेली कार्तिक-मार्गशीर्षात विते. पौषात पिल्लं बाहेर हिंडायला लागतात आणि आया अंगावर येतात. तक्रारी तेव्हा वाढतात, अर्ज तेव्हा जातात, कुत्री पकडणारी गाडी तेव्हा येते. पण पिल्लं अंगावर पीत असताना मादीची नसबंदी करता येत नाही. मग गाडी सापडतील ते नर घेऊन जाते. गल्लीत एक नर उरला तरी सगळ्या माद्यांना पुरतो. पुढच्या पौषात आकडा तेवढाच, आणि वर "नसबंदीचा काही उपयोग नाही" हे म्हणायला आपण मोकळे.

म्हणून मोहीम उन्हाळ्यात मागा, पावसाच्या आधी. आणि माद्या आधी मागा.

आमचा पहिला अर्ज "कॉलनीत कुत्र्यांचा सुळसुळाट झाला असून योग्य ती कार्यवाही व्हावी" असा होता. त्याचं काय होणार? यंदा वैशाखात आम्ही तिघं सलग तीन पहाटे वही घेऊन फिरलो. कुत्री तेवीस, त्यांतल्या माद्या नऊ, कान कापलेल्या, म्हणजे नसबंदी झालेल्या, दोन. कुठली कुठं झोपते, कोण हाक मारली की येते, तेही लिहिलं. ज्या वहिनी त्यांना रोज पोळ्या घालतात, त्यांच्याशी वर्षभर आमचं भांडण होतं. पण पकडायच्या दिवशी माद्या त्यांच्याच हाकेला आल्या.

वहिनींशी तडजोड अशी झाली, की शाळेच्या फाटकासमोर घालायचं नाही. पाण्याच्या टाकीमागची एक जागा, सकाळची एक वेळ, आणि उरलेलं उचलायचं. खायला घालणाऱ्यांनी ठरलेल्या जागीच घालावं, असं नियमही सांगतात.

पण खरं सांगू, वहिनींच्या पोळ्यांवर तेवीस कुत्री जगत नाहीत. ती जगतात चिकन सेंटरच्या मागच्या पोत्यांवर आणि घंटागाडी चुकली म्हणून कोपऱ्यावर ठेवलेल्या पिशव्यांवर. आखाडात तर ओढ्याकाठी आतड्यांचे ढीग पडतात. श्रावण लागला की मटण बंद, आणि मांसाला चटावलेली टोळी घासाघासावरून भांडायला लागते. दुकानदाराशी आम्ही दोनदा बोललो, झाकणाचा पिंप आला, एक महिना टिकला. तो मुद्दा अजून सुटलेला नाही.

नसबंदी झाली, तरी त्रास?

कानाला कापलेली खाच म्हणजे पिल्लं होणार नाहीत, एवढंच. ते कुत्रं चावणार नाही किंवा त्याला रेबीज होणार नाही, असा त्याचा अर्थ नाही. रेबीजची लस दरवर्षी पुन्हा टोचावी लागते. वस्तीतल्या सुमारे 70 टक्के कुत्र्यांना लस असेल तर रोगाची साखळी तुटते. आपली टक्केवारी कुठं आहे ते वहीत दिसतं. कान कापलेलं कुत्रं चावलं तरी नळ, साबण, 15 मिनिटं आणि दवाखाना.

भुंकणं, पाठलाग हे लगेच थांबत नाही. नव्या पिढीची भर बंद होते आणि संख्या हळूहळू उतरते, त्याला काही वर्षं जातात. एकच कुत्रं वारंवार चावत असेल तर त्याचा फोटो, तारखा आणि दवाखान्याचे कागद जोडून वेगळा अर्ज करा. लाळ गळणारं, लडखडणारं, समोर येईल त्याला चावत सुटलेलं दिसलं तर अर्जबिर्ज नाही, लगेच फोन. स्वतः धरायला जाऊ नका.

आमची ती तांबडी ज्येष्ठात परत आली, कानाला खाच घेऊन. वाळूचा ढीग आता तिथं नाही, तरी ती त्याच जागी बसते. काका हातात काठी घेऊन समोरच्या बाजूनं जातात. ती मान वर करून बघते आणि परत झोपते.