व्यंगचित्रकारांवर हल्ला झाल्यावर लिहावे कसे

धर्माची टर उडवणाऱ्या चित्रावरून माणसे मारली गेली की दुसऱ्याच दिवशी कोणाला तरी अग्रलेख लिहावा लागतो, कोणाला शोकसभेचा ठराव, तर कोणाला घरच्या व्हॉट्सॲप गटावर उत्तर द्यावे लागते. हे लेखन बहुधा रागाच्या भरात आणि अपुऱ्या माहितीवर होते. अशी वेळ ज्यांच्यावर येईल त्यांच्यासाठी हे टिपण आहे. त्यातली उदाहरणे मी पॅरिसच्या ‘शार्ली एब्दो’ या व्यंग-साप्ताहिकावर पैगंबरांच्या चित्रांवरून इस्लामी अतिरेक्यांनी ७ जानेवारी २०१५ रोजी केलेल्या हल्ल्यातून घेतली आहेत, कारण त्या वेळी लिहिणाऱ्यांचे काय चुकले आणि काय साधले, हे आता पुरेशा अंतरावरून पाहता येते.

हत्येचा निषेध करणारे वाक्य पूर्णविरामाने संपवावे. ‘हत्या निषेधार्ह आहे, पण त्यांनीही भावना दुखावायला नको होत्या’ या वाक्यातला पूर्वार्ध उत्तरार्धाने पुसून टाकलेला असतो. चित्रावरची टीका कितीही रास्त असली तरी त्या जागी ती खुनाची सबब होऊन बसते. टीका करायची असेल तर ती जरूर करावी, मात्र वेगळ्या परिच्छेदात, स्वतःच्या नावावर आणि मारेकऱ्याचा आधार न घेता करावी. माझ्या मते या टिपणातली बाकी सारी पथ्ये एखाद्या वेळी सुटली तरी चालतील, हे एक सुटता कामा नये.

त्यानंतर मेलेल्यांविषयी लिहावे, आणि सर्वांविषयी लिहावे. त्या सकाळी बारा जण मारले गेले. शार्ब, काब्यू, वोलिन्स्की, तिन्यूस आणि ओनोरे या पाच व्यंगचित्रकारांची नावे जगभर छापून आली. अल्जीरियात जन्मलेले मुद्रितशोधक मुस्तफा उराद, इमारतीच्या देखभालीच्या कामावर आलेला कर्मचारी, संपादकांच्या संरक्षणासाठी नेमलेला पोलीस आणि रस्त्यावर गोळी घातलेले मुस्लिम पोलीस अहमद मेराबे मात्र अनेक लेखांत आलेच नाहीत. पुढच्या दोन दिवसांत एक महिला पोलीस आणि ‘इपेर काशेर’ या ज्यू दुकानातील चार जण मारले गेले. ते चौघे कोणत्याही चित्रासाठी नव्हे, तर केवळ ज्यू म्हणून मेले. म्हणून सतरा मृत्यूंच्या त्या तीन दिवसांना फक्त ‘अभिव्यक्तीवरील हल्ला’ म्हणणे अपुरे ठरते.

पहिल्या चोवीस तासांत संशयितांची नावे स्वतः पसरवू नयेत. त्या रात्री एका अठरा वर्षांच्या मुलाचे नाव तिसरा हल्लेखोर म्हणून सर्वत्र फिरले. तो त्या वेळी शाळेत बसला होता आणि वर्गमित्रांना तसे जाहीरपणे सांगावे लागले. मृत्यूची चित्रफीत तर कधीच पुढे पाठवू नये. मेराबे यांना जमिनीवर पडलेले असताना मारल्याचे दृश्य वाहिन्यांनी दाखवले, तेव्हा ते दाखवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असा जाब त्यांच्या भावाने पत्रकार परिषदेत विचारला. आपल्या भावाला मारणाऱ्यांची आणि सामान्य मुसलमानांची गल्लत करू नका, असेही त्यांनी त्याच वेळी सांगितले.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो वादग्रस्त चित्र वाचण्याला. व्यंगचित्र हे त्या आठवड्याच्या बातमीला दिलेले उत्तर असते. बातमी काढून टाकली की अर्थ उलटतो. हल्ल्यानंतर शार्ब यांचे एक चित्र पुन्हा पुन्हा फिरले, ज्यात फ्रान्सच्या तत्कालीन कृष्णवर्णीय न्यायमंत्री क्रिस्तियान तोबिरा यांना माकडाच्या रूपात रेखाटले होते. हे साप्ताहिक वंशद्वेषी असल्याचा तो पुरावा म्हणून दाखवला जाई. मुळात ‘नॅशनल फ्रंट’ या अतिउजव्या पक्षाच्या एका उमेदवार महिलेने तोबिरा यांची माकडाशी तुलना करणारे छायाचित्र प्रसृत केले होते. शार्ब यांनी २०१३ मध्ये त्याच पक्षाचे ज्योतीचे चिन्ह आणि पक्षाच्या आघाडीच्या नावावर कोटी करून ‘वंशद्वेषी’ हा शब्द चित्रावर घातला होता. प्रहार त्या पक्षावर होता. तिन्यूस यांच्या अंत्यविधीत खुद्द तोबिरा यांनी श्रद्धांजलीचे भाषण केले. एवढे समजून घेतल्यावरही त्या प्रतिमेने कृष्णवर्णीय वाचकाला यातना होतात, असे कोणी म्हणू शकेल, आणि ते म्हणणे विचारात घेण्याजोगे आहे. परंतु ते चित्र वाचून म्हटलेले असावे. म्हणून चित्र कोणत्या तारखेचे, शब्दांचा अर्थ काय आणि टोला नेमका कोणाला, हे तीन प्रश्न मूळ भाषा जाणणाऱ्याला विचारल्याशिवाय त्यावर ओळही लिहू नये.

‘ते एकाच धर्माच्या मागे लागले होते’ यासारखी विधानेही तपासून पाहावीत. दोन समाजशास्त्रज्ञांनी २००५ ते २०१५ या काळातील या साप्ताहिकाची ५२३ मुखपृष्ठे मोजली, तेव्हा त्यांतील ३८ प्रामुख्याने धर्माविषयी आणि त्यांपैकी सात इस्लामविषयी निघाली. सात चित्रांनीही घाव बसू शकतो, हे खरे. तरीही आकडा माहीत असणाऱ्याचे लिखाण वेगळे होते.

कायद्याविषयी लिहिताना देश सांगावा. फ्रान्समध्ये १८८१ च्या मुद्रणस्वातंत्र्य कायद्याखाली धर्माची थट्टा हा गुन्हा नाही, मात्र धर्मावरून माणसांविरुद्ध द्वेष चेतवणे हा गुन्हा आहे. याच फरकावर २००७ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने मुस्लिम संघटनांच्या खटल्यात या साप्ताहिकाला निर्दोष ठरवले. भारतात १९२७ पासून दंडसंहितेत असलेले कलम २९५-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आले आहे. जाणीवपूर्वक आणि द्वेषबुद्धीने धार्मिक भावना दुखावण्याला ते शिक्षा सांगते. फ्रेंच मोजमाप इथे किंवा इथले तिथे लावले की लेख पहिल्याच आक्षेपाला कोसळतो. जाता जाता सांगतो, ‘तुमचे मत मला अमान्य आहे, पण ते मांडण्याचा तुमचा हक्क मी प्राणपणाने जपेन’ हे वाक्य व्होल्तेअरच्या नावावर घालू नये; ते १९०६ मध्ये त्याच्या इंग्रज चरित्रकार महिलेने लिहिले.

मारेकऱ्यांच्या धर्माच्या शेजाऱ्याकडे निषेधाचा दाखला मागू नये. ज्यू दुकानातील ग्राहकांना तळघरातील शीतगृहात लपवणारा लासाना बाथिली हा मालीत जन्मलेला मुस्लिम कामगार होता.

मतभेद कसा मांडावा, याचा एक नमुना एप्रिल २०१५ मध्ये दिसला. अमेरिकेतील ‘पेन’ या लेखकसंघटनेने साप्ताहिकाला धैर्याचा पुरस्कार जाहीर केला, तेव्हा सहा लेखकांनी समारंभाचे यजमानपद सोडले आणि दोनशेहून अधिक जणांनी विरोधाच्या पत्रावर सह्या केल्या. हत्यांचा त्यांनी निःसंदिग्ध निषेध केला होता. आक्षेप होता तो गौरवाला. माझे मत त्यांच्या बाजूचे नाही, पण मांडणीची ही पद्धत मला योग्य वाटते.

मूळ चित्र पुन्हा छापण्याचा प्रश्न शेवटी उरतो. जानेवारी २०१५ मध्येच मुंबईच्या एका उर्दू दैनिकाने बातमीसोबत ‘शार्ली एब्दो’चे मुखपृष्ठ छापले, संपादिकेने माफी मागितली, तरी तिला अटक झाली, जामीन मिळाला, आणि ती आवृत्ती बंद पडून सहकाऱ्यांचे रोजगार गेले. छापण्याचा हक्क मी मानतो. तरीही हा निर्णय संपादकाने एकट्याने रात्री अकरा वाजता पान लावताना घेऊ नये. वार्ताहर, छपाई कामगार आणि पहाटे अंक घेऊन फिरणारा विक्रेता या सर्वांना आधी सांगावे, वकिलाचे मत घ्यावे, आणि चित्र न छापण्याचे ठरले तर ‘भीतीमुळे’ की ‘गरज नसल्यामुळे’, हे वाचकाला त्याच पानावर खरे सांगावे.