नॅट किंग कोल ऐकताना या चुका टाळा

नॅट किंग कोल म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो डिसेंबरमध्ये कॅफेत आणि मॉलमध्ये वाजणारा मऊ, ऊबदार आवाज आणि त्यामागचा व्हायोलिनांचा ताफा. त्या आवाजावर माझंही मनापासून प्रेम आहे. पण कोलची ओळख तेवढ्यावरच थांबली तर ऐकणाऱ्याचं मोठं नुकसान होतं, कारण हा माणूस मुळात पियानोवाला. गायक म्हणून नाव नंतर झालं, आणि त्या गाण्याची घडणही पियानोवर बसलेल्या हातांतूनच झाली. त्याच्याबद्दल त्याच त्या चुका वर्षानुवर्षं फिरत असतात. काही माहितीच्या आहेत, काही ऐकण्याच्या.

‘गायक होता, थोडा पियानोही वाजवायचा’

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्यावर जरा वेळ घालवतो.

नॅथॅनिएल अ‍ॅडम्स कोल्स (घरचं आडनाव ‘कोल्स’, शेवटचा ‘स’ त्याने पुढे गाळला) याचा जन्म 17 मार्च 1919 रोजी अलाबामातल्या माँटगोमरीचा. तो लहान असतानाच कुटुंब शिकागोला आलं. वडील बाप्टिस्ट चर्चमध्ये पाद्री, आई पर्लिना तिथेच ऑर्गन वाजवायची, आणि पियानोचे पहिले धडे तिनेच दिले. घराबाहेर शिकागोत तेव्हा अर्ल हाइन्स गाजत होता. उजव्या हाताने ट्रम्पेटसारख्या ठसठशीत सुरावटी वाजवणारा हाइन्स हा पोरगेल्या कोलचा आदर्श. 1936 मध्ये थोरला भाऊ एडी याच्या बँडबरोबर त्याच्या पहिल्या रेकॉर्ड निघाल्या, त्या पियानोवादक म्हणून. मग एका फिरत्या संगीत नाटकाबरोबर तो पश्चिमेकडे गेला, ती मंडळी कॅलिफोर्नियात मोडली आणि कोल लॉस एंजेलिसमध्येच राहिला.

1937 मध्ये तिथे त्याचा ट्रायो, म्हणजे तिघांचा बँड, जमला : पियानोवर कोल, गिटारवर ऑस्कर मूर, डबल बासवर वेस्ली प्रिन्स. ड्रम नाहीत! मोठमोठ्या स्विंग बँडच्या त्या काळात हे धाडसच होतं. ठेका धरायला वेगळा माणूस नाही म्हटल्यावर ते काम तिघांत वाटलं गेलं. बास मात्रा चालवतो. गिटार कधी ताल धरते, कधी पियानोला बिलगून तीच सुरावट वाजवते. आणि कोलचा डावा हात? जुन्या स्ट्राइड शैलीत डाव्या हाताला खालचा सूर आणि वरचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) यांच्यात सतत उड्या माराव्या लागत. शेजारी बासवाला असल्यामुळे कोलने ते ओझं बरंचसं उतरवलं. डावा हात मोजकाच बोलतो, त्यामुळे उजव्याला मोकळी जागा मिळते. त्या जागेत त्याने वाजवलेल्या छोट्या, स्वच्छ, हसऱ्या फ्रेझेस (सुरांचे तुकडे) आजही ताज्या वाटतात.

याचा परिणाम थेट दिसतो. पियानोवादक आर्ट टेटमने 1943 मध्ये तीन वाद्यांची हीच जुळणी उचलली. पियानोवादक ऑस्कर पीटरसनचा पन्नासच्या दशकातला गाजलेला ट्रायो पियानो, गिटार, बास असाच. पियानोवादक अहमद जमालची सुरुवातही तशीच. कोल गेला त्या 1965 सालीच पीटरसनने त्याच्या आठवणीत एक अख्खा अल्बम केला आणि त्यात स्वतः गायलाही.

अजून खात्री हवी असेल तर 2 जुलै 1944 ची मैफल ऐका. लॉस एंजेलिसच्या फिलहार्मोनिक ऑडिटोरियममध्ये नॉर्मन ग्रँझने भरवलेली ही पहिली ‘जॅझ अ‍ॅट द फिलहार्मोनिक’. पियानोवर कोल, गिटारवर लेस पॉल. ‘ब्लूज’मध्ये एका जागी दोघांची जुंपते. एकाने फ्रेझ टाकायची, दुसऱ्याने ती तशीच परत करायची, मग पहिल्याने आणखी वाकडी टाकायची. श्रोते हसतायत, ओरडतायत, ते सगळं रेकॉर्डमध्ये आहे. पण रेकॉर्डवर कोलचं नाव शोधू नका. करारामुळे दुसऱ्या कंपनीसाठी त्याला आपलं नाव वापरता येत नव्हतं, म्हणून तिथे ‘शॉर्टी नदीन’ छापलं होतं. नदीन हे त्याच्या पहिल्या पत्नीचं नाव.

दारुड्या गिऱ्हाइकाची गोष्ट खरी धरणं

गोष्ट अशी सांगतात : कोल फक्त पियानो वाजवायचा. एका रात्री बारमधलं गिऱ्हाईक ‘स्वीट लोरेन’ गाच म्हणून हटून बसलं, मालकाने डोळा मारला, कोल गायला आणि गायक जन्माला आला. ऐकायला झकास, पण पुढे कोलनेच सांगून टाकलं की गोष्ट छान वाटायची म्हणून त्याने ती चालू दिली. वस्तुस्थिती साधी आहे. ट्रायो सुरुवातीपासून मधूनमधून गात असे, कधी तिघं मिळून, कधी तो एकटा. नुसत्या वादनात बदल म्हणून. लोकांना ते आवडत गेलं आणि गाणी वाढत गेली. ‘स्वीट लोरेन’ डेका कंपनीसाठी त्याने डिसेंबर 1940 मध्ये रेकॉर्ड केलं, म्हणजे ट्रायो तीन वर्षं मुरल्यानंतर.

मला ही खरी हकिकत दंतकथेपेक्षा जास्त भावते. पुढच्या मोठ्या यशामागेही असाच जुना साठा होता. नोव्हेंबर 1943 मध्ये कॅपिटॉल कंपनीसाठी रेकॉर्ड केलेलं ‘स्ट्रेटन अप अँड फ्लाय राइट’ त्याने वडिलांच्या प्रवचनातल्या गिधाड-माकडाच्या गोष्टीवरून रचलं होतं.

चुकीची रेकॉर्ड ऐकून मत बनवणं

‘मी ट्रायोची गाणी ऐकली, पण तुम्ही म्हणता ती गंमत सापडली नाही,’ असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो : कोणत्या सालची ऐकलीत? कारण इथेच बहुतेकांची गाडी अडते.

1961 मध्ये कॅपिटॉलने ‘द नॅट किंग कोल स्टोरी’ नावाचा संच काढला. तेव्हा स्टिरिओ नवं होतं, म्हणून कोलने आपली जुनी गाजलेली गाणी नव्याने रेकॉर्ड केली. आवाज पिकलेला, ध्वनी चकचकीत, पण तिशीच्या आतल्या त्या ट्रायोचा चटपटीतपणा त्यात नाही. अ‍ॅपवर गाण्याचं नाव टाकलं की बरेचदा हीच आवृत्ती वर येते. त्यात ‘रिमास्टर’पुढे छापलेलं साल आणखी गोंधळ घालतं. ते साल ध्वनी साफ केल्याचं असतं, गाणं गायल्याचं नव्हे.

ओळखायचं कसं? कलाकाराच्या जागी ‘द किंग कोल ट्रायो’ असेल तर बहुधा तुम्ही योग्य दारात आहात. दुसरी युक्ती इअरफोनची. डाव्या आणि उजव्या कानात वाद्यं वेगवेगळी पसरलेली ऐकू आली तर ते चाळीसच्या दशकातलं रेकॉर्डिंग नाही, तेव्हा सगळं मोनो होतं. तिसरी, ड्रम ऐकू येतायत का ते पाहा; येत असतील तर बहुधा तो जुना ट्रायो नाही.

‘द ख्रिसमस साँग’ची गंमत तर अभ्यासण्यासारखी आहे. बॉब वेल्स आणि मेल टॉर्मे यांचं हे गाणं कोलने चार वेळा रेकॉर्ड केलं. जून 1946 मध्ये फक्त ट्रायोवर. ते त्यालाच अपुरं वाटलं, म्हणून ऑगस्ट 1946 मध्ये तारवाद्यं घालून. मग 1953 मध्ये नेल्सन रिडलच्या ऑर्केस्ट्राबरोबर आणि शेवटी 1961 मध्ये स्टिरिओत. मॉलमध्ये वाजतं ते जवळजवळ नेहमी शेवटचं. चारही लागोपाठ ऐका. पंधरा वर्षांत तोच माणूस एखादा शब्द किती सावकाश सोडायला शिकला, ते कानांना कळतं.

आणि ‘अनफरगेटेबल’. मुलगी नॅटली आणि बाप समोरासमोर उभे राहून गायले, असं समजणारे पुष्कळ भेटतात. मूळ गाणं 1951 चं. कोल 15 फेब्रुवारी 1965 रोजी गेला, तेव्हा नॅटली नुकतीच 15 वर्षांची झाली होती. 1991 मध्ये तिने त्याच्या जुन्या ध्वनिफितीवर आपला आवाज चढवला, आणि त्या रेकॉर्डला ग्रॅमी मिळालं. ते ऐकून भरून येतं, पण कोलला समजून घ्यायचं असेल तर 1951 च्या गाण्यापासून सुरुवात करा.

‘पैशासाठी जॅझ सोडला’ हा शिक्का

हा आरोप त्याच्या हयातीतच झाला. 1948 मध्ये ‘नेचर बॉय’, 1950 मध्ये ‘मोना लिसा’, 1951 मध्ये ‘टू यंग’, तिन्ही पहिल्या क्रमांकावर. पियानोवरून उठून तो माइकपुढे उभा राहिला आणि जॅझवाल्यांना वाटलं, आपला माणूस गेला. कॅपिटॉलला मात्र भरभराटीचे दिवस आले. हॉलिवूडमधली त्यांची 1956 ची गोल इमारत ‘नॅटने बांधलेलं घर’ म्हणून ओळखली जाते.

1962 नंतरचे त्याचे काही अल्बम मलाही फिके वाटतात. पण ‘सोडला’ हे खोटं आहे. 1952 चा ‘पेंटहाउस सेरेनेड’ वाद्यसंगीताचा आहे. ऑगस्ट-सप्टेंबर 1956 मध्ये, पॉप कीर्तीच्या ऐन भरात, त्याने ‘आफ्टर मिडनाइट’ केला. बरोबर गिटारवर जॉन कॉलिन्स, बासवर चार्ली हॅरिस, ड्रमवर ली यंग, आणि पाहुणे म्हणून ट्रम्पेटवाला हॅरी ‘स्वीट्स’ एडिसन, व्हायोलिनवाला स्टफ स्मिथ, सॅक्सोफोनवाला विली स्मिथ, ट्रॉम्बोनवाला हुआन टिझॉल. ‘आय नो दॅट यू नो’मध्ये स्टफ स्मिथचं व्हायोलिन आणि कोलचा पियानो भरधाव सुटतात, तेव्हा जॅझ कुठे गेला असं विचारायची सोयच उरत नाही.

‘वर्णभेदापुढे तो गप्प बसला’

1948 मध्ये कृष्णवर्णीय कोलने लॉस एंजेलिसच्या हँकॉक पार्क या गोऱ्या वस्तीत घर घेतलं. इथे नकोशी माणसं यायला नकोत, असं रहिवाशांकडून त्याला ऐकवण्यात आलं. मलाही नको आहेत, कुणी दिसलं तर पहिली तक्रार मीच करीन, असं त्याचं उत्तर होतं. हिरवळीवर शिवी जाळून लिहिली गेली, तरी तो तिथून हलला नाही.

10 एप्रिल 1956 रोजी बर्मिंगहॅम, अलाबामा इथे, गोऱ्या प्रेक्षकांपुढे गात असताना काही जणांनी मंचावर चढून त्याच्यावर हल्ला केला. तो पडला, पाठीला मार बसला. मग उलट बाजूनेही टीका झाली की वर्णानुसार वेगळे केलेल्या प्रेक्षकांपुढे तो गायलाच का. ही टीका कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी आणि नेत्यांनी केली, आणि तिच्यात तथ्य होतं. त्यानंतर तो कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचा आजीव सदस्य झाला. लिहिताना या दोन्ही बाजू लिहा. एकच घेतली की माणूस पुतळा होतो किंवा गुन्हेगार.

5 नोव्हेंबर 1956 ला एनबीसीवर ‘द नॅट किंग कोल शो’ सुरू झाला. एला फिट्झजेराल्ड, हॅरी बेलाफाँटे, पेगी ली असे पाहुणे त्याच्यासाठी नाममात्र मानधनावर आले. तरी देशभरासाठी एकही मोठा प्रायोजक मिळाला नाही, आणि डिसेंबर 1957 मध्ये कोलनेच तो बंद केला. जाहिरातवाल्यांची मॅडिसन अ‍ॅव्हेन्यू अंधाराला घाबरते, असं तो म्हणाला. इथे एक दुरुस्ती. ‘टीव्हीवर स्वतःचा कार्यक्रम असलेला पहिला कृष्णवर्णीय कलाकार’ असं सर्रास लिहिलं जातं, ते बरोबर नाही. 1950 मध्येच हेझल स्कॉटचा कार्यक्रम झाला होता, आणि तीही पियानोवर बसून गाणारी. 1948 मध्ये कोल आणि त्याची दुसरी पत्नी मरिया यांचं लग्न हार्लेममध्ये लावणारे पाद्री अ‍ॅडम क्लेटन पॉवेल हे हेझलचे पती.

नावांची सरमिसळ

मरिया एलिंग्टन ही ड्यूक एलिंग्टनची नातेवाईक नव्हे. ती त्याच्या बँडमध्ये गायली होती, आणि आडनाव तिच्या पहिल्या पतीचं. कोल पोर्टर हा गीतकार-संगीतकार, त्याचा या घराण्याशी संबंध नाही. फ्रेडी कोल हा धाकटा भाऊ, तोही पियानोवर गाणारा, 2020 पर्यंत होता. आवाजाच्या साम्यामुळे प्लेलिस्टमध्ये दोघांची गल्लत होते. ‘किंग’ ही पदवीही कुणी बहाल केलेली नाही. ते ‘ओल्ड किंग कोल’ या बालगीतावरून चिकटलं.

वाजवून गाणाऱ्यांच्या चुका

आवाज खरखरीत करून कोल होत नाही. सिगारेटने आवाज हवा तसा राहतो असा त्याचाच समज होता, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने तो अवघ्या 45 व्या वर्षी गेला. त्याच्या गाण्यात उचलण्यासारखं आहे ते उच्चार : शेवटचं व्यंजनसुद्धा स्पष्ट, पण कुठेही झटका नाही.

हातांचं म्हणाल तर गाताना सुरावट पियानोवरही वाजवत राहणं, हा नेहमीचा घोटाळा. आवाज आणि उजवा हात एकमेकांच्या अंगावर पडतात. त्याच्या टीव्ही कार्यक्रमाची चित्रफीत लावा आणि आवाज बंद करून फक्त बघा. शरीर प्रेक्षकांकडे वळलेलं, नजर पट्ट्यांवर नाहीच, ओळ गाताना हात जवळजवळ स्वस्थ, आणि ओळ संपली की तेवढ्या फटीत उजवा हात उत्तर देऊन मोकळा. बसायची ढब शेवटी जमेल, फटी आधी जमवा. ‘स्वीट लोरेन’ घ्या, मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवा, डाव्या हाताने कॉर्डचे दोनच सूर धरा आणि पहिले काही दिवस उजवा हात मांडीवर ठेवून नुसतं गा. फटी कुठे आहेत ते कळलं की मग एकेका फटीत दोन-तीन सूर टाका. बासवाला बरोबर असेल तर डावा हात आणखी कमी करा.