इंटरस्टिशियल संयुगे: बारावीच्या मुलांनो, या चुका टाळा

धातूच्या अणूंमधल्या फटींत, म्हणजे पोकळ्यांत, हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजनसारखे लहान अणू बसून जी संयुगे होतात, ती इंटरस्टिशियल. त्यांचे सराव पेपर तपासताना माझं लाल पेन दरवर्षी एकाच जागी अडतं: सूत्रातल्या अपूर्णांकाशी. टायटॅनियमच्या एका अणूमागे १.७ हायड्रोजन छापलेलं असतं आणि मुलं त्याचे सरळ २ करतात.

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीतल्या माझ्या क्लासमधल्या एका हुशार मुलीने व्हॅनेडियम हायड्राइडमधले ०.५६ ही छपाईची चूक समजून १ केले. वर त्यावरून व्हॅनेडियमचा ऑक्सिडेशन अंक काढून मोकळी झाली. गणित बरोबर होतं, पण पाया चुकला होता. तिने धडा वाचलाच नव्हता, शेवटच्या रात्रीच्या नोट्स पाठ केल्या होत्या. त्या नोट्सचा मला मनापासून राग येतो.

दुसऱ्या दिवशी मी सोललेले नारळ रचले आणि फटींत सालीसकट सुपाऱ्या सरकवल्या. निम्म्या फटी रिकाम्या राहिल्या तरी रास उभीच. धातूच्या जाळीचं, म्हणजे अणूंच्या रचलेल्या राशीचंही तसंच, म्हणून इथे संयुजेवरून सूत्र जुळवायचं नसतं. तेव्हापासून सूत्राआधी वहीच्या समासात ‘पोकळ्या किती, भरल्या किती’ लिहिल्याशिवाय मी उत्तर तपासत नाही.

मात्र ही रास तिथेच सोडा. सुपारी नारळांना धरून ठेवत नाही, कार्बन टायटॅनियमला घट्ट धरतो. शुद्ध टायटॅनियम १६६८ अंश सेल्सिअसला वितळतं, त्याचं कार्बाइड, म्हणजे कार्बनबरोबरचं संयुग, ३००० च्याही पुढे. शिवाय टायटॅनियमची षट्कोनी रचना कार्बाइडमध्ये घनाकृती होते. कार्बन फटीत नुसता पडून असता, तर रचना कशाला बदलली असती? ‘अडकलेले अणू, बंध नाही’ असं लिहिणाऱ्याला मी गुण देत नाही.

कार्बन, नायट्रोजन सहसा अष्टफलकी (सहा धातूअणूंमधल्या) पोकळीत बसतात. चतुष्फलकी (चार अणूंमधली) पोकळी लहान असते.

धातूची वीजवाहकता जाते असं लिहू नका, ती टिकते.

‘वितलनांक नेहमी वाढतो’ हेही घाईचं. बोअरवेलच्या बिटावरचे दाणे टंगस्टन कार्बाइडचे असतात, तेच बघा. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतं, त्याचं कार्बाइड २८०० च्या आसपास. कठीणपणा वेगळा, वितलनांक वेगळा.

आणि पोलादातल्या सिमेंटाइटला (लोखंडाच्या कार्बाइडला) टायटॅनियम कार्बाइडच्या पंगतीला बसवू नका. लोखंडाचा अणू लहान, त्यामुळे कार्बन सुटसुटीत मावत नाही आणि रचना गुंतागुंतीची होते. टायटॅनियम कार्बाइड विरल आम्लाला दाद देत नाही, सिमेंटाइटमधून मात्र हायड्रोकार्बन निघतात.