मराठी मीडियमवाल्यांनो, इंग्रजी वाचन आणि टायपिंग एकत्रच करा

टायपिंगची ३० ची (मिनिटाला ३० शब्दांची) परीक्षा पास झालेली भरपूर पोरं बघितलीत, पण दोन ओळींचा इंग्रजी मेल स्वतःच्या मनाने लिहायला सांगा, लगेच बोटं अडकतात. कारण क्लासमध्ये पॅसेज एकेक अक्षर बघून मारलेला असतो, वाचलेला नसतोच.

बोटं आधी नीट ठेवायला शिका, एफ आणि जे वर छोटा उंचवटा असतो तिथे दोन्ही तर्जनी, हे क्लासवाले सांगतातच.

मग सोप्या इंग्रजीतलं काहीतरी घ्या. सिंपल इंग्लिश विकिपीडिया मस्त आहे, आपल्या आवडीचा विषय टाकायचा, क्रिकेट म्हणा, शिवाजी महाराज म्हणा, म्हणजे अर्धा अर्थ आधीच माहीत असतो. कंट्रोल आणि प्लस दाबून अक्षर मोठं करा आणि एक पॅरा पूर्ण वाचा, मधे डिक्शनरी उघडू नका, अडलेले शब्द नंतर बघा. आता चार-पाच शब्दांचा तुकडा वाचायचा, मूळ मजकुराकडे परत न बघता टाइप करायचा, मग पुढचा तुकडा. सुरुवातीला फार हळू होतं, चिडचिड होते, होऊ दे.

हे करताना ऑटोकरेक्ट बंद पाहिजे म्हणजे पाहिजेच! फोनवर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये टेक्स्ट करेक्शन असतं, तिथून बंद करा. कॉम्प्युटरवर नोटपॅड वापरा, पण विंडोज ११ च्या नोटपॅडमध्ये पण आता स्पेलचेक आलंय, तेही सेटिंगमधून काढा.

पॅरा झाला की मूळाशी ताडून बघा. आपल्या लोकांच्या चुका बऱ्यापैकी ठरलेल्या असतात. 'ए' आणि 'द' गळतात, कारण मराठीत तसलं काही नाहीच, डोळा त्यांच्यावरून घसरतो. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही आपल्याला 'व'च ऐकू येतात त्यामुळे अदलाबदल होते. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करायचं राहतं, देवनागरीत शिफ्टची ही सवयच नसते ना. आणि व्हॉट्सॲपवर इंग्रजी अक्षरात मराठी टाइप करून करून कानाला येईल तसं लिहायची खोड लागलेली असते, मग 'डेफिनेटली'त टी च्या आधी आय च्या जागी ए येतो, 'सेपरेट'मध्ये पी नंतर ए च्या जागी ई. चुकलेला शब्द एकटा वीस वेळा घोकू नका, त्याचं पूर्ण वाक्य परत टाइप करा.

स्पीडचं टेन्शन नंतर. ५ स्ट्रोकचा, म्हणजे पाच वेळा बटण दाबण्याचा, एक शब्द धरतात, म्हणजे ३० चा स्पीड म्हणजे मिनिटाला १५० स्ट्रोक. लिपिक-टंकलेखकच्या पोस्टला इंग्रजी ४० मागतात, त्यामुळे ज्यांना तिकडे जायचंय त्यांनी परीक्षेआधीचा महिनाभर मात्र क्लासच्या पद्धतीने पॅसेज बघूनच मारायचा, तिथे आठवत बसायला वेळ नसतो.