पॅकिंग मशीनचा वेग वाढवला की पाऊचचं सील सुटायचं: माझा अनुभव

चिवड्याच्या पाऊचची फिल्म: बाहेर 12 मायक्रॉन पॉलिएस्टर, आत 50 मायक्रॉन एलडीपीई (वितळून चिकटणारं प्लास्टिक). फिल्म दाबून सील करणारे मशीनचे तापते जबडे, म्हणजे जॉ, 150 अंश सेल्सिअसवर, आणि एलडीपीई तर 110च्या आसपास वितळतं. फिल्मपुरतं गणित केलं, तर उष्णता आरपार जायला सेकंदाचा जेमतेम पंचविसावा भाग लागतो. मग अडतंय कुठे? दोन फिल्ममध्ये केसासारखा बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) ठेवला. तापमान फारच सावकाश चढत होतं. जॉवरचं टेफ्लॉन कापड 0.13 मिमीचं, त्याचा उष्णतारोध फिल्मच्या दुपटीहून जास्त! तो आणि स्पर्शरोध (दोन पृष्ठभाग टेकतात तिथे उष्णतेला होणारा अडथळा) गणितात घातल्यावर मोजलेल्या तापमानाशी आलेख जुळला. दाब वाढवून कापडाचा रोध हटत नाही, म्हणून दाबाला हात लावला नाही. पातळ कापड लावलं, तापमान थोडं चढवलं, सील धरलं. आडवं सील पाऊचच्या मागच्या उभ्या शिवणीवरून जातं तिथे फिल्मचे चार थर येतात, तिथलं गणित मात्र वेगळंच मांडा.