जुने मेकॅनिकल क्रोनोग्राफ घड्याळ पारखून घेताना

क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचेही काम करणारे घड्याळ. त्यात नेहमीच्या मशीनला स्टॉपवॉचच्या चाकांची, लिव्हरांची आणि बारीक स्प्रिंगांची जोड दिलेली असते, आणि अनेक वर्षांच्या वापरानंतर बिघाड निघतो तो बहुधा या जोडकामातच. म्हणून ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहून अशा घड्याळांचा संग्रह सुरू करणाऱ्याने घड्याळाआधी कारागीर शोधावा, असे माझे ठाम मत आहे. नौपाड्यात, ठाणे स्टेशनच्या परिसरात किंवा वाशीत घड्याळ दुरुस्तीची दुकाने सापडतात. परंतु सेल आणि पट्टे बदलणे वेगळे आणि क्रोनोग्राफ पूर्ण खोलून, साफ करून, ऑइलिंग करून पुन्हा जुळवणे वेगळे. हे काम स्वतः करता का, आणि कोणत्या मशीनचे सुटे भाग मिळवू शकता, हे स्पष्ट विचारावे. मिळणाऱ्या उत्तरावरूनच पहिली निवड ठरवावी.

पहिल्या खरेदीसाठी जपानी सेको कंपनीचे ६१३९ हा मला चांगला पर्याय वाटतो. १९६९ मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या, क्रोनोग्राफांपैकी हा एक. त्याच्या मागच्या झाकणावर ६१३९-६००२ यासारखा मॉडेल क्रमांक असतो आणि अनुक्रमांकाचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा, तर दुसरा महिना सांगतो. या मशीनला हाताने चावी देता येत नाही, त्यामुळे चावी भरत नाही म्हणून ते बंद पडले आहे असे समजू नये. स्विस घड्याळांत लँडेरॉन ४८ आणि व्हॅल्जू ७७३३ ही कॅमवर (स्टॉपवॉच सुरू-बंद करणाऱ्या साध्या, सपाट आकाराच्या तुकड्यावर) चालणारी मशीन तुलनेने स्वस्त पडतात. व्हॅल्जू ७२ किंवा व्हीनस १७५ मध्ये त्याच कामासाठी किल्ल्याच्या बुरुजासारखे उभे खांब असलेले कॉलम व्हील असते आणि किंमतही त्या मानाने चढते. लँडेरॉन ४८ मध्ये वरचे बटण फक्त सुरू करते, तर थांबवणे आणि शून्यावर आणणे ही दोन्ही कामे खालचे बटण करते. हे ठाऊक नसेल तर चांगले घड्याळही नादुरुस्त वाटते.

घड्याळ हातात आल्यावर घाई करू नये. क्रोनोग्राफ सुरू करून किमान अर्धा तास चालू द्यावा, कारण मिनिटे मोजणारा छोटा काटा काही वेळा पहिली दहा मिनिटे नीट सरकतो आणि पुढे अडकतो. त्यानंतर थांबवून शून्यावर आणावे: स्टॉपवॉचचे सेकंद मोजणारा मोठा काटा नेमका बाराच्या रेघेवर येऊन थांबला पाहिजे, आणि हे चार-पाचदा करून पाहावे. क्रोनोग्राफ चालू करताच घड्याळच थांबत असेल, तर सर्व्हिसिंगचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करावीत.

यंत्र बहुधा दुरुस्त होते. मूळ डायल मात्र एकदा गेली की गेली. मुंबईच्या बाजारात जुन्या डायल नव्याने रंगवून विकण्याची पद्धत जुनी आहे, आणि अशा डायल पहिल्या नजरेत फार देखण्या दिसतात. दहापट भिंगाखाली मुख्य डायलमधल्या छोट्या डायलची खोलगट वर्तुळे पाहावीत. अनेक मूळ डायलांत तिथे अतिशय बारीक, एकात एक गोल रेघा असतात. पुन्हा रंग दिला की त्या भरून जातात आणि पृष्ठभाग गुळगुळीत, किंचित फुगीर दिसतो. अक्षरांच्या कडा पसरट असतील, मिनिटांच्या रेघा छोट्या वर्तुळावर चढल्या असतील, तर घड्याळ परत करावे. १९६० च्या दशकापासूनच्या स्विस डायलवर तळाशी ‘स्विस’ या शब्दाच्या दोन्ही बाजूंना टी अक्षर असेल, तर चमकणारा लेप ट्रिटियम या किरणोत्सर्गी द्रव्याचा असतो. त्याचे अर्धायुष्य (निम्मे द्रव्य संपण्याचा काळ) सुमारे १२ वर्षांचे असल्याने तो आज अंधारात उजळता कामा नये. तो लख्ख चमकत असेल, तर लेप नंतर लावलेला आहे. त्याआधीच्या घड्याळांत घातक किरणोत्सर्गी रेडियम असू शकते, म्हणून अशी घड्याळे घरी उघडू नयेत आणि सुटणारी पूड हाताळू नये.

झाकण विक्रेत्याकडूनच उघडून घ्यावे. स्क्रूंच्या खाचा कुरतडलेल्या असणे म्हणजे अनेक हातांनी काम झाल्याची खूण. बटणांच्या आतल्या बाजूला लालसर डाग दिसले, तर ओलावा आत शिरला आहे. चोर बाजारात जायचे असेल तर ठाण्याहून स्लो लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरता येते. पण झाकण उघडू न देणाऱ्याकडून, घड्याळ कितीही आवडले तरी, घेऊ नये.

आपल्याकडे खाडीची दमट हवा आणि चार महिने पाऊस. जुन्या घड्याळांची रबरी सीलं कडक झालेली असतात, मागे वॉटर रेझिस्टंट लिहिलेले असले तरी त्यावर विसंबू नये. जून ते सप्टेंबर घड्याळ सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या) पुडीसह हवाबंद डब्यात ठेवावे, आणि ओल्या हाताने बटणे कधीच दाबू नयेत.